नीलिमाचा पान्हा

मावला गावाजवळ आमच्या स्कूटीला मागून ट्रकचा धक्का लागला. मला खरचटलं, माझ्या बायकोचं, नीलिमाचं, डोकं डांबरावर आपटलं. आदिलाबादच्या दवाखान्यातून ती स्वतःच्या पायांनी घरी आली, तेव्हा वाटलं, निभावलं.

मग ऐन मे महिन्यात ती शाल पांघरून बसू लागली. भुवया विरळ झाल्या. पाळी थांबली. आणि एका दुपारी तिच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग दिसले.

आम्हाला मूल नाही. तिला कधी दिवसही गेले नव्हते.

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला मार बसला होता. शरीरातले बहुतेक हार्मोन तिच्याच हुकमावर चालतात.

"गोळ्या जन्मभर. ही एक दूध थांबवायची. मूल होणं मात्र कठीण आहे."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला सगळं पटलं.

नीलिमा बाकीच्या गोळ्या घ्यायची. ती एक मात्र उशीखाली सापडायची.

"काऊन घेत नाई?"

"दूध आटंल ना. मंग त्यानं काय प्यावं?"

"कोणानं?"

"हळू बोला. आत्ताच डोळा लागला त्याचा."

तिच्या मांडीवर शालीची घडी होती. मी ती उलगडून दाखवली, रिकामी. तिनं जपून पुन्हा तशीच दुमडली. शाल मधोमध कोमट लागली होती. नीलिमाचे हात तर थंडगार होते.

माझी आई म्हणाली, "राहू दे पंकज. तिच्यापाशी जे हाय ते राहू दे."

मी ऐकलं नाही. रोज समोर उभा राहून गोळी गिळायला लावली. ती रडत गिळायची. डाग कमी झाले, मग गेले. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. नीलिमा मात्र बोलेनाशी झाली. आई भरवायची तेवढेच चार घास पोटात जायचे.

गेल्या आठवड्यात आईनं तिला न्हाऊ घालताना मला हाक मारली.

"पंकज, हे पाह्य जरा."

छातीवर दोन बारीक खुणा होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, अगदी शेजारी शेजारी. भोवतीची कातडी लाल झालेली.

"कशानं झालं?"

कितीतरी दिवसांनी नीलिमानं माझ्याकडे पाहिलं.

"दूध नाई ना आता," ती म्हणाली. "चावते तो."

मी तिची नखं कापली. बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधल्या. पट्ट्या जशाच्या तशा आहेत. आई म्हणाली, बाळाला आधी खालचे दोन दात येतात, मग वरचे.

आज त्या दोन खुणांच्या समोर, वरच्या बाजूला, तिसरी उमटली आहे.