खिशातलं कार्ड

तो पहिल्यांदा लाँड्रीत आला तेव्हा त्याच्या जॅकेटवर चहा सांडलेला होता आणि सभेला वीस मिनिटं उरली होती. छातीवर पक्षाचा बिल्ला, आणि चेहरा परीक्षेला उशीर झालेल्या मुलासारखा.

"हे... लगेच होईल?"

"होईल. तुम्ही चहा पिता की जॅकेटला पाजता?"

तो मान खाली घालून हसला. मला ते उगाचच आवडलं.

मग तो येतच राहिला. तेच जॅकेट, तोच खिसा, तोच चहा. जॅकेट सुकेपर्यंत काउंटरवर कोपर टेकून उभा राहायचा.

"निवडणूक तोंडावर आली नि तुम्ही नुसतं ऐकत बसता. पक्षात भाषणं शिकवत नाहीत वाटतं?"

"आमच्यात आधी ऐकायचंच असतं. घरोघरी जाऊन. लोकांना कोण विचारतं हो, तुम्हाला काय सलतंय म्हणून?"

खरंच, मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी सांगत गेले. पाच वर्षांपूर्वी बाबांचा कारखाना बंद पडला. अजूनही ते सकाळी सातला दाढी करतात, कपडे घालतात आणि खिडकीशी खुर्चीत बसून राहतात. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "आणि तुम्ही?"

खोटं कशाला बोलू... त्या दोन शब्दांवर मी भाळले.

आत इस्त्रीवर काका असायचे. दुकान त्यांचंच. तीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आलेले. कारखाना बंद झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी येऊन बाबांना म्हणाले होते, "पोरीला उद्यापासून काउंटरवर पाठवा." हेही मी त्याला सांगितलं होतं.

धुण्याआधी खिसे तपासायचे, हा काकांनी दिलेला पहिला धडा. सापडेल ते पाकिटात घालायचं, वर जॅकेटचा नंबर लिहायचा. नवव्या खेपेला त्याच्या आतल्या खिशात एक कार्ड निघालं. वाचायचं नसतं, पण आमच्या लाँड्रीचं नाव दिसलं. दोन रकाने होते. 'दुःख काय' याखाली त्याच्या अक्षरात माझे बाबा होते... सात वाजता, दाढी, खुर्ची. 'दोष कोणाचा' याखाली एकच शब्द, तोही आधीच छापलेला: बाहेरच्यांचा. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'रविवारची सभा, साहेबांच्या भाषणासाठी'.

हे रविवारी चौकात वाचलं गेलं असतं, तर सोमवारी काकांच्या दुकानाची काच शाबूत राहिली नसती. आणि दगड माझ्याच घरातून गेला असता.

मी कार्ड फाडलं नाही. उलटवून मागे लिहिलं: 'कारखाना मालकाने बंद केला. मुलीला काम बाहेरच्याने दिलं. तोच आता तुमच्या जॅकेटला इस्त्री करतोय.' मग ते पाकिटात घातलं आणि नंबर लिहिला.

त्याने ते काउंटरवरच वाचलं. मग आत पाहिलं. काका त्याची कॉलर बोटांनी सरळ करत होते.

"ऐका ना, मी..."

"जॅकेट घ्या. सभेला उशीर होईल."

रविवारी काकांनी शटर अर्धं ओढलं. चौकातला भोंगा स्पष्ट ऐकू येत होता. साहेबांनी एका बेकरीवालीचं दुःख सांगितलं आणि लोक हळहळले. मग दोष कोणाचा ते सांगितलं, आणि टाळ्या थांबेनात. आमच्या लाँड्रीचं नाव आलं नाही. मला हायसं वाटलं, नि लगेच त्याची लाजही वाटली. बेकरीशेजारीही कुणाचे तरी काका राहत असतीलच.

सोमवारी तो आला. बिल्ला नव्हता, त्याच्या जागी दोन बारीक भोकं होती.

"कार्ड हरवलं म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, काही बिघडत नाही, अशी चारशे आहेत." तो थांबला. "दुसरा रकाना मी कधी वाचलाच नाही. म्हणजे... वाचायचं टाळलं. ते वाचून लोकांच्या दारात उभं राहवलं नसतं."

मी काउंटरवरची पाकिटं रचत राहिले. राग होताच.

"बाकीच्यांकडे मी एकदाच गेलो. इथे नऊदा आलो. तो चहा... मीच ओतायचो."

"तिसऱ्याच खेपेला कळलं होतं. दरवेळी एकाच खिशावर कोण सांडतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"चालून आलेलं गिऱ्हाईक कोण घालवतं?"

तो हसला नाही. "बेकरीवालीचं कार्डही मीच भरलं होतं. तिच्याकडे चाललोय. तिची राहिलेली गोष्ट ऐकायला."

आतून काकांचा आवाज आला, "पोरी, तूही जा. एकट्याला दारात उभं करणार नाही ती. आणि जॅकेट ठेवून जा रे, भोकं बुजवून देतो."

त्याने जॅकेट काढून दोन्ही हातांनी काकांना दिलं.

आम्ही चौक ओलांडला. मग त्याने विचारलं, "आणि तू?"

मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते. त्यातला एक मी धरला, आणि सांगायला लागले.