कांडप बंद आहे

"बसायचे पैसे घेते ती? नुसतं बसायचे?" कौशल्याबाईंनी मिरचीचं घमेलं असं आपटलं की सुनेचे, वर्षालीचे, डोळे भरून आले… तिखटानं की अपमानानं, देवच जाणे!

चाकणच्या कंपनीत प्रेसखाली कौशल्याबाईंच्या लेकाची, दिग्विजयची, तीन बोटं गेली, आणि बोटांबरोबर त्याची वाचा आणि झोपही गेली. वरच्या खोलीत तो दार लावून बसे. त्याच्यासाठी वर्षालीनं ही समुपदेशन करणारी मृदुलाताई आणलेली… ना गोळी, ना अंगारा! समोर मांडी घालून बसायचं, तो बोलला तर ऐकायचं, न बोलला तरी बसायचं म्हणे!

"आमी नवऱ्यामागं हे कांडप चालवून पोरगा वाढवला. उभ्या काळेवाडीला मसाला कांडून दिला. आमच्याजवळ कोण बसलं व्हतं गं?"

एका रविवारी मृदुलाताई वर बसलेली असताना टोमणा मारायलाच कौशल्याबाई चहा घेऊन वर गेल्या. तेवढ्यात खाली गिऱ्हाईक आलं नि वर्षालीनं कांडपाचं मशीन सुरू केलं. धाड… धाड… धाड!

आणि त्यांचा धिप्पाड लेक खाटेखाली शिरला! तान्ह्या पोरासारखा, गुडघ्यांत डोकं खुपसून!

मशीन चालताना कौशल्याबाई नेहमी मशीनपाशीच असत. वर काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं…

मृदुलाताईंनी त्याला ओढलं नाही की दटावलं नाही. खाटेशेजारी फरशीवर बसल्या. "मी इथंच आहे. जाणार नाही."

बऱ्याच वेळानं खाटेखालून शब्द आले, "प्रेससारखाच आवाज… आईला सांगू नका, ताई. तिचा जीव आहे त्या मशीनवर."

कौशल्याबाईंचं काळीज फाटलं! ज्या मुसळांच्या जोरावर त्या आजवर ताठ मानेनं जगल्या, तीच मुसळं रोज लेकाच्या छातीवर पडत होती… आणि आईचा मान राखायला तो मुकाट सोसत होता!

"वर्षाली! बंद कर ते!"

दुखरे गुडघे मोडून त्याही फरशीवर बसल्या. बोलायला तोंड उघडलं… आणि मिटलं. उभ्या जन्मात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं! हळूहळू खाटेखालून दोन बोटांचा हात बाहेर आला. त्यांनी तो छातीशी धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारची शालनबाई मिरचीचं पोतं घेऊन दारात. "ऐन हंगामात कांडप बंद? डोकं फिरलं का गं तुझं?"

"व्हय, फिरलं. जा पलीकडच्या गल्लीत. तिथला मसाला मातीवानी लागतो, पण तुझ्या सैंपाकात कुणाला कळणार हाय?" आणि पदर सावरत कौशल्याबाई कडाडल्या, पण कुजबुजत…

"आन् हळू बोल, भवाने. माझं पोर निजलंय!"