सातव्या खुंटाजवळचा गाळ

आत्याने ही गोष्ट घरात पहिल्यांदा सांगितली, तेव्हा माझे वडील तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, झोप लागते का विचारलं. सगळं ठणठणीत निघालं.

म्हणून सांगते. हे घडलंय. तारीख, वार, वेळ, सगळं आत्याच्या वहीत आहे.

सोळा ऑक्टोबर, मंगळवार. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं.

भुतं मध्यरात्री निघतात म्हणे. आत्या पहाटे तळ्यावर होती ती नोकरी म्हणून. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तेच शेवाळ तो ओढून घेतं. त्यामुळे तळ्याची तब्येत खरी कशी आहे ते सूर्य उगवायच्या आधीच कळतं. आत्या सव्वीस वर्षं पाणी तपासणी केंद्रात होती. अशा पहाटा तिने शेकड्याने काढल्या होत्या.

केंद्र म्हणजे काठावरची दोन खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत साहेबांचं टेबल आणि फायली. दुसरीत बाटल्या, नळ्या, आणि बाटल्या धुवायची मोठी मोरी.

तळं पसरट आणि उथळ. गावात विनोद होता, की या तळ्यात बुडायचं तर आधी आडवं झोपावं लागेल.

आत्या नोकरीला लागली तेव्हा नावेतून वाकलं की तळ दिसायचा. तळाशी पाणवनस्पती, त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती, मधून पळणारे मासे. मग उन्हाळे लांबत गेले. शेतांतलं खत आणि गटारांचं पाणी येऊन मिळालं. पाणी हिरवं झालं, तळापर्यंत उजेड पोचेना, वनस्पती मेल्या आणि माती सुटली. वारा सुटला की गाळ ढवळायचा आणि दरवर्षी कुठेतरी नवीन जागी जाऊन साचायचा.

हा गाळ कुठे किती आहे ते मोजायला तळ्यात नऊ खुंट ठोकले होते. प्रत्येक खुंटाजवळ नाव थांबवायची. तीन मीटरची काठी पाण्यात सोडायची आणि ती कडक तळाला टेकेपर्यंत दाबायची. या कामाला दोन माणसं लागतात. मोजणारा आकडा सांगतो. लिहिणारा तो पेन्सिलीने उतरवतो आणि मोठ्याने परत म्हणतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही.

आत्या मोजायची. लिहायचा केंद्राचा नावाडी.

त्याला सगळे बगळा म्हणायचे. साडेसहा फूट उंच, काड्यांसारखे पाय, आणि पाण्यात उभा राहिला की तासभर हलायचा नाही. दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. आकडा सांगितला की म्हणायचा, "लिहिलं, बाई." तेरा वर्षं त्याने हेच म्हटलं.

त्याची बायको केंद्रातच बाटल्या धुवायची.

आता आत्याने केलेली चूक सांगते. तिने ती माझ्यापासून कधी लपवली नाही, कारण त्या चुकीत माझाही वाटा आहे.

फेब्रुवारीत गाळाची मोजणी चालू होती. त्या दिवशी मी दुपारच्या गाडीने येणार होते आणि आत्याला मला घ्यायला स्टेशनवर जायचं होतं. घाई होती. बोटं गारठली होती. सातव्या खुंटाजवळ तिने काठी पाण्यात सोडली, पण दाबली नाही. मागच्या वर्षीचा आकडा पाठ होता.

"बाई, टेकली का काठी?" बगळ्याने विचारलं.

"टेकली. अर्धा मीटर."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला.

"अर्धा मीटर. लिहिलं, बाई."

आत्याने आयुष्यात कामात केलेली ही एकच लबाडी. गाडी वेळेवर आली. मी उतरले. आम्ही हसत घरी गेलो.

जून महिन्यात सातव्या खुंटाजवळ बगळ्याची नाव जलपर्णीत अडकली. शेजारच्या नावेतला मदतनीस ओरडला, "उतरू नको रे!"

बगळा हसून म्हणाला, "अर्धाच मीटर गाळ आहे इथं. मीच लिहिलंय की."

आणि त्याने उडी मारली.

पाणी छातीइतकं, गाळ गुडघ्याइतका, असा त्याचा हिशेब. डोकं वर राहायला हवं होतं.

ते राहिलं नाही.

तीन दिवस नावांतून गळ टाकून शोधलं. गाळाने त्याला परत दिलं नाही.

चौकशी झाली. गाळ कुणी परत मोजला नाही, कागद बघितले गेले. कागदावर अर्धा मीटर. एवढ्याशा गाळात इतका उंच माणूस शुद्धीत असताना बुडेलच कसा? अहवालात एक ओळ आली... 'मयत नशेत असावा.'

बगळ्याने उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता.

त्याची बायको आठवड्याने कामावर परत आली. मोरीपाशी उभी राहून बाटल्या धुताना रोज एकदा तरी म्हणायची, "बाई, तुम्ही तेरा वर्षं त्याच्याबरोबर होता. तुम्ही सांगा ना साहेबांना, तो पीत नव्हता म्हणून."

"सांगितलंय ग," आत्या म्हणायची. खरं काय सांगायला हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं, आणि तेवढंच तिच्या तोंडून निघत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. कुणी फाईल उघडली तरी ती खोलीबाहेर जायची.

असे चार महिने गेले. मग गाळ काढायचा ठेका निघाला.

सतरा तारखेला सकाळी ठेकेदाराची चार माणसं पाण्यात उतरून खुंट उपटणार होती. त्यांच्या हातात केंद्राचा नकाशा होता, आणि नकाशात सातव्या खुंटापाशी आत्याचा आकडा.

आत्याने ठरवलं, आदल्या पहाटेच्या तपासणीला गेल्यावर गुपचूप सातव्यालाही जायचं. नीट मोजायचं. गाळ सरकलाय म्हणून नवा आकडा द्यायचा. माणसंही वाचतील आणि झाकली मूठही तशीच राहील.

नवा नावाडी म्हणाला, "बाई, कुठंही नेतो. सातव्याला तेवढं नका सांगू."

ती एकटी निघाली.

वारा अजिबात नव्हता. ऑक्टोबर असून हवेत उकाडा होता. पाण्याला कुजकट वास येत होता. मासे वर येऊन तोंडं उघडून श्वास शोधत होते. सगळ्या तळ्यावर एकच आवाज...

पच... पच... पच...

याची भीती नव्हती. प्राणवायू संपला की मासे असंच करतात. सहाव्या खुंटाजवळ तिने पाण्यातला प्राणवायू मोजला. जवळजवळ शून्य.

ती पुढे निघाली... आणि आवाज थांबला.

कमी नाही झाला. थांबला.

मासे नाहीत. बेडूक नाहीत. डाससुद्धा नाहीत. स्वतःच्या वल्ह्याचा आवाजही तिला लांबून आल्यासारखा वाटला.

सातवा खुंट दिसला. तिने नाव बांधली, पुढच्या टोकाला उभी राहिली आणि काठी पाण्यात सोडली.

तेवढ्यात...

नावेचं पुढचं टोक उचललं गेलं.

हळूच. मागे कुणीतरी जड माणूस येऊन बसला की उचललं जातं, तसं.

आत्याने मागे बघितलं नाही. ती म्हणते, मान वळेचना. हातातली काठी तेवढी तिला जाणवत होती. तिने काठी दाबली. काठी गाळात शिरली, आणि शिरतच गेली.

सवयीने तिच्या तोंडून आकडा निघाला. "एक मीटर. तळ नाही."

मागून आवाज आला.

"अर्धा मीटर. लिहिलं, बाई."

तोच आवाज. शांत. रोजच्या कामातला.

आत्याची पाचावर धारण बसली. पण काठी अजून खाली जात होती, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं इथे उतरणार होती.

"दीड मीटर," ती कशीबशी म्हणाली. "तळ नाही."

"अर्धा मीटर. लिहिलं, बाई."

काठीचं वरचं टोक पाण्याला लागलं. अख्खी तीन मीटर काठी आत गेली, तरी टेकली नव्हती.

"तळच नाहीये इथं!" आत्या ओरडली. "ऐकतोयस का? तळच नाहीये!"

"अर्धा मीटर." मग थोडं थांबून, "बाई... टेकली का काठी?"

आत्या रडायला लागली. ती सांगते, भीतीने नाही. त्याने फेब्रुवारीत विचारलं होतं तेव्हाही त्याला संशय आला होता, हे तिला त्या क्षणी कळलं. तरी त्याने लिहिलं, कारण बाईंनी सांगितलं होतं.

"नाही टेकली," ती म्हणाली. "त्या दिवशीही नव्हती टेकली. मी काठी दाबलीच नाही रे. मी खोटं सांगितलं तुला."



मग कागदावर खोडरबर घासल्याचा आवाज. सावकाश, नीट... एकदा... दोनदा... तीनदा...

"खोडलं, बाई."

नावेचं टोक खाली आलं. पाण्यात कुणी उतरल्याचा आवाज झाला नाही. आत्याने मागे बघितलं. मागची फळी रिकामी होती, आणि कोरडी.

काठावर पोचून ती केंद्राच्या पायरीवर बसली, आणि केंद्र उघडताच तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब नुकतेच आले होते. तिने सगळं सांगितलं. आवाजाचं सोडून.

साहेबांनी फेब्रुवारीची फाईल काढली. आठ खुंटांचे आकडे बगळ्याच्या अक्षरात, जिथल्या तिथे.

सातव्या खुंटापुढची जागा कोरी होती.

कागद तिथे घासून पातळ झाला होता. उजेडासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. फाईल चौकशीनंतर कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा. इथं काही लिहिलेलंच नाही. तुमचं नाव कुठंच येत नाही. ठेकेदाराला मी नवा आकडा कळवतो. तुम्ही घरी जा, झोप काढा. तुमच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

तिला सुटता येत होतं. बगळ्याने स्वतःच्या हाताने तिला सोडवलं होतं.

आत्या म्हणाली, "साहेब, माझा आकडा त्यानं खोडला. त्याच्या नावापुढचं 'नशेत' कोण खोडणार?"

साहेबांना त्यातलं पहिलं वाक्य कळलं नाही. दुसरं कळलं.

तिने तिथेच बसून जबाब लिहून दिला. मग शेजारच्या खोलीत जाऊन मोरीपाशी उभी राहिली आणि बगळ्याच्या बायकोला तोंडाने सांगितलं. ती बाटली धूतच राहिली. नळ बंद केला नाही, मान वर केली नाही. आत्या निघाली तेव्हाही ती तीच बाटली धूत होती.

ठेकेदाराची माणसं पाण्यात उतरली नाहीत. यंत्राने गाळ काढला. सातव्या खुंटाखाली जुनी विहीर निघाली, तळ्यापेक्षाही जुनी, काठोकाठ गाळाने भरलेली, तोंडावरची फरशी खचलेली. आधीची सगळी वर्षं काठी त्या फरशीलाच टेकत होती. ती तळापर्यंत उपसली.

बगळा तिथे नव्हता.

कुठेच नव्हता.

अहवालातली ती ओळ वगळली गेली. आत्याची नोकरी गेली. वडील चिडले, शेजारपाजारचे कुजबुजले. आत्या म्हणायची, "जाऊ दे. आता झोप तरी लागते."

मग नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी दारात बगळ्याची बायको उभी होती. मी तेव्हा तिथेच होते. आत्याला वाटलं, आता ही बोलणार. चार महिन्यांचं सगळं बोलणार. आत्या मान खाली घालून उभी राहिली.

पण ती भांडायला आली नव्हती. उंबऱ्यापाशीच बसली आणि म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही त्या पहाटे तळ्यावर काय केलंत?"

 नावेतलं तिने हिला सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, घरच्यांशिवाय.

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली, "रोज पहाटे माझ्या दाराबाहेर कुणीतरी बोलायचं. अर्धा मीटर, अर्धा मीटर. आवाज त्याचाच. मला अर्थ कळायचा नाही. मी आपली दाराला पाठ लावून ऐकत बसायचे. उजाडलं की थांबायचा."

आत्याने माझा हात धरला. 

"त्या मंगळवारी आला नाही. मग आलाच नाही. महिना होऊन गेला." तिने पदराने तोंड पुसलं. "त्याचं नाव साफ केलंत, उपकार झाले. मी तुम्हाला दोष देत नाही. पण तेवढाच आवाज उरला होता हो घरात."

 मग उठून गेली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो आता कुठे आहे, मला माहीत नाही. आत्यालाही नाही. ती अजून पहाटे पाचला उठते आणि दार उघडं ठेवून अंधारात बसून राहते. मी विचारलं तर म्हणते, चुकून इकडे आला तर... त्याच्या बायकोच्या दारी परत पाठवीन.