पहिला चमचा

सेरापियो निघाला होता त्रुहियोच्या बाजाराला. मध्येच वारा पडला, म्हणून किनाऱ्यावर खोबरेल काढणाऱ्या साबिनाच्या चुलीसमोरच्या वाळूत त्याने होडी लावली. उतरलोच आहोत तर आईच्या गुडघ्यांसाठी खोबरेल घ्यावं, असं त्याच्या मनात आलं.

"आज तेल सुटलं नाही. उद्या ये," साबिना म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. वारा आता चांगला वाहत होता, तरी त्याची होडी नेमकी इथेच येऊन लागायची.

"तुझं तेल आणि तुझं हसू... मागे लागल्याशिवाय दोन्ही सुटत नाहीत वाटतं," तो म्हणाला.

साबिना हसली आणि लगेच घाबरली. तो पहिल्यांदा आला त्याच दिवशी हे सुरू झालं होतं. नारळाचं दूध झाकून ठेवावं, तर सकाळी घट्ट सायीवर चार बोटं उमटलेली असायची. ती जागा चाखली तर खारट लागायची. ती साय दिवसभर कढवूनही तेलाचा थेंब सुटत नसे.

तिची मावशी क्लोतिल्दे चूल फुंकता फुंकता म्हणाली, "निकासियोला त्याचा वाटा कधी दिलास का गं?"

त्यांच्या घरी तेलाचा पहिला चमचा गेलेल्या माणसांच्या नावाने वाळूत ओतायचे. आईच्या, आजोबांच्या नावाने साबिना न चुकता ओतायची. समुद्रावरून न परतलेल्या नवऱ्याचं, निकासियोचं, नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. प्रेत कुठे मिळालं होतं? तो येईल, असंच ती म्हणत आली. आणि आता सेरापियो समोर असला की तो येऊ नये असं वाटायचं... याचीच तिला लाज वाटत होती.

जुन्या बाटलीच्या तळाशी चमचाभर तेल उरलं होतं. कढई चुलीवर ठेवून तिने ते वाळूत ओतलं.

"निकासियो, तू गेलास," ती म्हणाली. "मीच तुला अडवून ठेवलं. आता जा."

मानेवर खारट, गार श्वास आला. थांबला... थांबला... आणि गेला. साबिना पहिल्यांदाच त्याच्यासाठी पोटभर रडली. मागे कढईत साय तडतडली आणि पिवळंधमक तेल वर आलं.

सेरापियो कधीचा होडीपाशी उभा होता. "मी परत जाऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"नको. पण ऐक... तूही समुद्रावर जाणारा. नाही आलास, तर मी वाट बघायची नाही."

"आणि आलो तर?"

"तर लग्न करीन."

चुलीपासून पाण्यापर्यंत ओल्या पावलांची एक ओळ गेली होती, फक्त जाणारी. सेरापियोने ती पाहिली. साबिनाचा हात धरून तो कडेकडेने चालला, एकाही पावलावर पाय न देता.