भिंतीवरून गळलेले तिघे

रुपलच्या दिपेशदादाचं लग्न झालं ते २०२५ साल. मांडव उतरला, पाहुणे गेले आणि उरलेल्या सुट्टीत काय करायचं हे ठरवायला रुपल, विपुल आणि कल्पिता मसोलीच्या वाचनालयाच्या ओट्यावर जमली.

बोटींवर नावं रंगवणाऱ्या मोरूआजानं तिथल्या भिंतीवर देशाचे सगळे राष्ट्रपती सालांसकट लिहिले होते.

"ए, झाकीर हुसेन ३ मे १९६९ पर्यंत, आणि गिरी थेट २४ ऑगस्टपासून," विपुल म्हणाला. "मधे देश कोण बघत होतं?"

"तुझी आई," कल्पिता म्हणाली. "थांब, १९७७ मध्येपण भोक आहे."

ग्रंथपाल सुनिल सर आतून म्हणाले, "मोरूनं ओळी खाल्ल्या. चार दिवसांपूर्वी विचारलं, तर 'माझीच चूक' म्हणाला. उद्या चुना मारून फ्लेक्स लावतो."

"मग त्याला बोटीचं कामपण कोणी देणार नाही," कल्पिता पुटपुटली.

रुपल ओट्यावरून उतरून चालू लागली.

तिघं आजाला विचारायला किनाऱ्यावर गेली. आजानं रंगाच्या पेटीतून सरांनी लिहून दिलेल्या यादीचा कागद काढून दिला. त्यात भिंतीपेक्षा तीन नावं जास्त होती. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले, तेव्हा उपराष्ट्रपती गिरी. गिरींनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला. १९७७ मध्ये पुन्हा राष्ट्रपती पदावर असताना वारले, तेव्हा उपराष्ट्रपती जत्ती. तिघांपुढे 'कार्यवाहक' असं लिहिलं होतं.

"आजा, तूच गाळलीस?" विपुलनं विचारलं.

"गाळली असतील. डोळे गेले आता." आजानं रुपलकडे पाहिलंसुद्धा नाही.

रुपलला ते सोसवेना. "मी गाळली. आजा शिडीवर होता, मी खालून वाचत होते. पप्पा आजारी होते तेव्हा काकानं आठ दिवस सुकाणू धरलं, तरी बोटीचा तांडेल पप्पाच राहिला. मला वाटलं, तसंच हे, कार्यवाहक मोजायचे नाहीत. आणि मला हळदीला जायची घाई होती."

"आणि कागदाच्या तळाशी बघा," कल्पिता म्हणाली. तिथे लाल शाईत होतं: 'भिंतीशी ताडून पाहिले. सुनिल.'

रुपलनं सरांनाही सगळं सांगितलं, आणि कागद पाहून सरांचे कान लाल झाले. फ्लेक्स रद्द झाला. आजानं दोन्ही ठिकाणी ओळींच्या फटीत बारीक अक्षरांत तिन्ही नावं बसवली. सगळ्यांसमोर सर म्हणाले, "चूक माझीपण होती. रुपल, खरं बोललीस, शाबास."

रुपल आजाच्या शिडीपाशी गेली.

"आजा, माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्या दारात मांडव होता, पोरी."

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट २०२५ ला, मोरूआजा वारला. भिंतीवरची ती बारीक अक्षरं मात्र राहिली.