पिंपळावरचं पाणी

बॅटरी बंद कर रे, डोळ्यांवर येतेय. आणि मध्येच ‘सच्ची, नाना?’ असं विचारायचं नाही. महिपतराव कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. थापा मारणाऱ्यांतला माणूस नव्हे तो.

साल छप्पन. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार होता. कचेऱ्या भोपाळला निघालेल्या, अन् ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत ट्रंका भरणं चाललेलं. महिपतरावांचीही बदली आली. बायको कुसुम आणि लहानगी शालू शिवपुरीला माहेरी होत्या. त्यांना आणायला एकतीस ऑक्टोबरला ते आपली जुनी गाडी घेऊन गेले. जहागीर गेल्यावर कुणा सरदारांनी विकलेली गाडी. तिच्यावर यांचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं आम्ही चिडवायचो.

परतताना अंधार पडला. दिवाळी तोंडावर, म्हणजे चंद्राचं नाव नाही. मोहना गाव मागे पडलं आणि शालूचं अंग एकाएकी तापलं. पोर डोळे फिरवायला लागली. ग्वाल्हेरचा डॉक्टर गाठला तरच ती हाताला लागणार होती. महिपतरावांनी गाडी दामटली, आणि बॉनेटमधून भसाभस वाफ निघाली.

त्यांनी आधी वाफ बसू दिली. मग फडक्याने झाकण फिरवलं. रेडिएटर कोरडा. बॅटरी मारली. पंख्याचा पट्टा ताठ, रबरी नळ्या धड, खाली एक थेंब नाही. पाणी भरायचंच राहिलं असेल, म्हणाले. रस्त्याकडेच्या पिंपळाला मडकं टांगलेलं दिसलं. बुडाच्या भोकातून पाणी ठिबकत होतं. भोक बोटाने दाबून ते मडकं घेऊन आले, आणि इंजिन चालू ठेवून सावकाश ओतलं. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं की ते तडकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

जेमतेम दोन मैल गेले असतील. पुन्हा वाफ.

पुन्हा कोरडा! तेलाची कांडी काढून पाहिली. तेल स्वच्छ, म्हणजे पाणी आत मुरलेलं नाही. खालीही गळलेलं नाही. मग मडकंभर पाणी गेलं कुठे?

“अहो, पाणी कुठलं घातलंत?” कुसुमने विचारलं.

“झाडाला मडकं होतं. वाटसरूंसाठी प्याऊ असेल.”

“भोक होतं त्याला?”

“...होतं.”

“अगं बाई! अहो, काय केलंत हे! इकडे माणूस गेलं की दहा दिवस पिंपळाला घंट, म्हणजे असं भोकाचं मडकं बांधतात. त्याच्या तहानेसाठी. मेलेल्याच्या तोंडचं पाणी काढलंत तुम्ही!”

महिपतरावांच्या घरात सगळी दक्खनची रीत. पिंपळाला कुणी कधी काही बांधलंच नव्हतं.

मागे शालूने डोळे उघडले. “आई... पाणी.”

सुरईत शेवटचे दोन घोट होते. कुसुमने सुरई तिच्या ओठांशी नेली. पोरीने मान फिरवली. काचेबाहेर बघत म्हणाली, “मला नाही... तिला.”

बाहेर कुणी नव्हतं.

कुसुम उतरली. सुरई मातीत उपडी केली. “बाई, चुकलं आमचं. पी. पण माझी पोर...”

माती भिजली नाही.

महिपतराव चाकामागे बसले. रेडिएटर कोरडा, इंजिन जळणार. तरी गाडी सोडली. तापमानाचा काटा वर चढला नाही. एक मैल... पाच मैल... काटा तिथेच. मागे वळून पाहायची त्यांची छाती झाली नाही.

ग्वाल्हेरच्या पडाव भागात डॉक्टरांचं दार ठोठावलं. डॉक्टरांनी शालूच्या गळ्याला हात लावला. म्हणाले, “ताप उतरलाय. पट्टी ठेवलीत ते फार बरं केलंत.”

शालूच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी होती. पांढरी. जाडीभरडी. महिपतरावांनी कुसुमकडे पाहिलं. तिने ‘मी नाही’ अशी मान हलवली. अशा कापडाचं लुगडं घरात कुणाचंच नव्हतं. आणि पाणी तर...

शालू वाचली. सकाळी कुसुमने ती पट्टी उन्हात वाळत टाकली. दुपारी पाहिली, ओली. संध्याकाळी पिळली, पाणी निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिळली... पुन्हा निघालं.