वेधांक

सुमित्रा वैराळे यांनी पिशवीतून कादंबरीचा गठ्ठा काढला, पण तो घ्यायला माधव पोंक्षे यांनी हात पुढे केला नाही.

"आधी इथे बसा, सुमित्राताई," ते म्हणाले. त्यांनी दाखवलेल्या खुर्चीसमोर एक काळसर काच उभी होती, माणसाच्या चेहऱ्याएवढी.

सुमित्राताईंचा पहिला कथासंग्रह याच पोंक्ष्यांनी छापला होता. तेव्हा त्यांनी चहा मागवून प्रत्येक कथेवर वाद घातला होता. आज मात्र ते बाजूला उभे राहिले आणि काचेतून एक गोड आवाज आला, "नमस्कार! तुम्ही का लिहिता?"

सुमित्राताई विचारात पडल्या. अमरावतीच्या न्यायालयात त्यांनी उभी हयात दुभाषी म्हणून काढली होती. मेळघाटातून आलेले साक्षीदार कोरकूत बोलायचे आणि त्या ते न्यायाधीशांना मराठीत सांगायच्या. विचार न करता तोंड उघडायचं नाही ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. त्यांनी खाली पाहिलं, चष्मा पुसला आणि मग सावकाश उत्तर द्यायला सुरुवात केली. वाक्य पुरं व्हायच्या आत काचेवर आकडा उमटला. एकोणीस.

"हे काय?"

"तुमचा वेधांक." पोंक्षे त्यांची नजर चुकवत म्हणाले. "कोणत्या चेहऱ्यावर लोक किती वेळ रेंगाळतात, कोणता आवाज ऐकताना त्यांचं बोट पुढे सरकतं, हे ही काच कोट्यवधी लोकांवरून शिकली आहे. लेखक पडद्यावर बोलायला लागला तर किती जण थांबतील, याचा अंदाज ती सांगते. चाळिसाच्या खाली असेल तर वितरक पुस्तक उचलत नाहीत."

"आणि कादंबरी कोण वाचतं?"

"तिला कादंबरी लागत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "मी वाचली, ताई. तुम्ही पाठवली तेव्हाच, दोनदा. इतकं चांगलं काही माझ्या हातात बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं."

"मग छापा ना!"

"माझ्या मताला आता कोण विचारतो?"

दुसऱ्या प्रकाशकाकडे तीच काच होती, तिसऱ्याकडेही तीच. फक्त खुर्ची जास्त मऊ होती. एका ठिकाणी केस रंगवून या म्हणाले. एका ठिकाणी आयुष्यात काही दुर्घटना घडली आहे का, असं आशेने विचारलं. सुमित्राताईंनी चिडून सगळी कादंबरी जालावर फुकट टाकली. पण तिथे काय वर दिसायचं आणि काय तळाला जायचं हेही वेधांकच ठरवत होता. त्यांच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ती शोधून सापडली नाही.

याच सुमारास पोंक्ष्यांचा फोन आला. "एक मार्ग आहे. तुम्हाला आवडणार नाही. मुखलेखिका."

मजकूर एकाचा आणि नाव-चेहरा दुसऱ्याचा, असा तो मार्ग होता. ईरा सरंजामे ही मालिकांमधली अभिनेत्री तयार होती. तिचा वेधांक शहाण्णव होता.

"म्हणजे माझं पुस्तक तिचं?"

"म्हणजे तुमचं पुस्तक लोकांच्या हातात."

सुमित्राताईंनी फोन आपटला. आठवडाभर भांडी घासता घासता त्या एकट्याच पुटपुटत, जणू समोर कुणी उलटतपासणी घेत होतं. कादंबरीतली सोमी, खुनाच्या खटल्यातली ती कोरकू साक्षीदार, त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी त्यांनीच पोंक्ष्यांना फोन लावला. "द्या तिला. निदान सोमी तरी वाचली जाऊ दे."

कादंबरी तुफान खपली. बसस्थानकांवर, लग्नाच्या आहेरात, दंतवैद्यांच्या दवाखान्यात, जिकडेतिकडे मलपृष्ठावरून ईरा हसत होती. नागपूरला तिचा वाचकमेळावा ठरला तेव्हा सुमित्राताई तिकीट काढून गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

एका मुलीने उठून विचारलं, "सोमी शेवटी साक्ष का फिरवते?"

ईराने क्षणभर कानामागे बोट धरलं आणि ती म्हणाली, "प्रेमापोटी. बाई प्रेमासाठी काहीही करते." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

सुमित्राताई कधी उठल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "चूक आहे हे! सोमी साक्ष फिरवतच नाही. ती खरं तेच बोलते. दुभाष्या तिचं बोलणं बदलून सांगतो. शेवटच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय!"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "बाई, लेखिका समोर बसल्यात. त्यांना जास्त माहीत की तुम्हाला?" दोन स्वयंसेवक अदबीने त्यांना दाराकडे घेऊन गेले. ज्या सोमीचा शब्द वाटेत बदलला गेला म्हणून त्यांनी चारशे पानं लिहिली, तिचा शब्द पुन्हा बदलला होता, आणि त्यासाठी पुस्तक त्यांनीच हातात दिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मात्र त्यांना बोलावणं आलं. रंगपटात ईरा एकटी होती, चेहरा पुसलेला.

"तुम्ही सुमित्रामावशी ना? तुमचं उत्तर बरोबर होतं. मी पुस्तक वाचलंय."

"मग तसं सांगितलं का नाहीस?" सुमित्राताईंचा तोल सुटला.

ईराने कानातून मुगाएवढं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "उत्तरं यातून येतात. वेधांक टिकवणारी. तुमचं उत्तर दिलं असतं तर निम्मं सभागृह फोनमध्ये शिरलं असतं, असं याचं म्हणणं. करारात तसं बांधून घेतलंय मला." ती थोडी घुटमळली. "मावशी, मीही लिहिते. वणीजवळ चुन्याच्या खाणीवर वाढले मी. त्याबद्दल. काचेपुढे एकच पान वाचलं, तर वेधांक शहाण्णवावरून तेवीसवर. पोंक्षेकाका म्हणाले, लोकांना तू खाणीतली नको आहेस. तुमच्या नावावर निघेल का, तेही विचारलं मी."

"माझा एकोणीस आहे," सुमित्राताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, कडवट. त्या या मुलीचा राग राग करायला आल्या होत्या. आता तो राग ठेवायचा कुठे ते कळेना. त्या खुर्ची ओढून बसल्या. "वाच ते पान."

"आत्ता?"

"आत्ता."

ईराने फोन उघडला आणि चाचरत वाचायला लागली. सरावलेला आवाज नव्हता तो. कोरडा, वऱ्हाडी हेल असलेला होता. सुरुंगाचा भोंगा होतो. बाया डोक्यावरच्या पाट्या टाकून पळत सुटतात. अर्ध्या वाटेत तिची आई थबकते, कारण तिच्या मागून येणारी पावलं थांबलेली आहेत. दुसरा भोंगा होतो. तिसऱ्या भोंग्याला खडक फुटणार असतो.

ईरा तिथेच थांबली. "एवढंच वाचलं होतं काचेपुढे. याच्या पुढचं अजून कुणी ऐकलेलं नाही."

बाहेर तिच्या नावाचा पुकारा सुरू झाला होता. दारावर कुणी टकटक केली, पुन्हा केली. सुमित्राताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या पुढे झुकल्या होत्या.

"मग? मागे फिरली का तुझी आई?"